बोकडाचं पाचवं बोट

अर्डिस कोलारला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या हार्लो गावातले लोक म्हणतात. साफ खोटं आहे. एकोणीस वर्षं मी तिच्या फ्रेमच्या दुकानात माउंट, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापतेय, तिच्या प्रत्येक रागाचं कारण मला पाठ आहे. पुसलेल्या काचेवर बोटांचे ठसे, हे एक. जुन्या चित्राच्या पाठीला चिकटपट्टी लावणं, हे दुसरं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे फ्रेम न उघडता किंमत सांगणारी माणसं. दारावर तिनं स्वतः रंगवलेली पाटी आहे, ‘काचेआडून किंमत सांगितली जात नाही’. त्याच पाटीखाली उभं राहून लोक विचारतात, "नुसतं बघून अंदाजे सांगा की." मग ती भडकते, आणि लोक बाहेर जाऊन म्हणतात, हिला कारण लागत नाही.

अडुसष्ट वर्षांची, बुटकी, स्वतःचे केस स्वतःच कात्रीनं कापणारी बाई. नवरा फ्लोरिडाला उन्हात बसायला गेला तेव्हा ही म्हणाली, "मला सावलीत काम आहे," आणि गेली नाही. तरुणपणी ती क्लीव्हलंडच्या एका छापखान्यात होती, एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल विचारलं की एकच उत्तर मिळे. "शाई होती, कागद होता आणि गाढवं होती. काप पुढचं माउंट." डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरात बाहेरच्या बाजूला वाकडी. लहानपणी बापाच्या ट्रकच्या दारात सापडली होती. काच उचलताना ती करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून राहते. पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे टक लावून बघत होते, तर म्हणाली, "पोरी, बोटं माझी आहेत, तू काच बघ." मी तेव्हा चाळिशीला आले होते. अजूनही ती मला पोरीच म्हणते.

मागच्या मार्चमधली गोष्ट. बुधवारी सकाळी जोनेल स्टुब्स आली, दोन्ही हातांनी एक मोठी फ्रेम छातीशी धरून. जोनेल शाळेची बस चालवते. तिचे वडील मर्ल गावातल्या लिरिक थिएटरचे मॅनेजर होते. थिएटर बंद पडलं तरी लोक त्यांना शेवटपर्यंत मॅनेजरच म्हणायचे. जानेवारीत ते गेले. शेवटची नऊ वर्षं त्यांचं उठणं-बसणं, औषधपाणी, सगळं जोनेलनं केलं, त्याच तळ्याकाठच्या घरात राहून. तिचा भाऊ लाइल कोलंबसला असतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचा, टर्की खायचा, उरलेली डब्यात भरून न्यायचा.

"काच तेवढी बदलायचीय," जोनेल म्हणाली. "कोपऱ्याला तडा गेलाय. आणि जपून हं, अर्डिस. याची किंमत आमच्या घराएवढी आहे."

फ्रेममध्ये जुन्या कार्टून सिनेमाचं पोस्टर होतं. टॅटर्स नावाचा बोकड, अंगावर ठिगळांची विजार, एका हातात बँजो, दुसरा पांढऱ्या हातमोज्यातला हात वर करून सगळ्या जगाला हाय करतोय. वर लाल अक्षरांत ‘टॅटर्स समुद्रावर’, खाली कोपऱ्यात १९३३. स्टुब्सांच्या स्वयंपाकघरात ते टांगलेलं मी कितीदा तरी पाहिलं होतं. मर्ल प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, लिरिकच्या लॉबीतून आणलंय.

"घराएवढी, असं कोण म्हणालं?" अर्डिसनं विचारलं.

जोनेलनं सगळं सांगितलं. मर्लनं मृत्युपत्रात लिहिलं होतं, जे आहे ते दोघांत सारखं वाटा. असं होतं काय, तर घर. मग लाइलनं शहरातून केंडल नावाचा कुणी जाणकार आणला. त्यानं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोस्टर पाहिलं आणि चार पानांचा अहवाल लिहिला, की हे अस्सल आहे, दुर्मीळ आहे आणि किंमत घराच्या तोडीस तोड आहे. म्हणून लाइलनं घर घ्यायचं आणि जोनेलनं पोस्टर. शुक्रवारी अकरा वाजता वकीलबाईंकडे सह्या.

"मला आजवर वाटायचं लाइलला सगळं स्वतःलाच हवं असतं," जोनेल म्हणाली. "पण तो म्हणाला, बाबांची सगळ्यांत मौल्यवान वस्तू तू घे, तू त्यांचं केलंस. मला रडूच आलं हो." लाँड्रीच्या वरची दोन खोल्यांची जागा तिनं भाड्यानं पाहूनही ठेवली होती.

अर्डिसनं एकच विचारलं, "त्या माणसानं फ्रेम उघडली होती?"

"नाही. उघडली तर इजा होईल म्हणाला."

मी सुरी खाली ठेवली. आता छप्पर उडणार, याची मला खात्री होती. पण अर्डिस ओरडली नाही. तिनं फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचा कागद कापला, खिळे काढले आणि पोस्टर बाहेर घेतलं.

"हे बघ, जोनेल. त्या काळी थिएटरला पोस्टर यायची ती घडी घालून, टपालानं. म्हणून अस्सल पोस्टरवर घड्या असतात. यावर आहेत का?"

"आहेत की. एक आडवी, एक उभी. दिसतायत."

"दिसतायत. आता डोळे मीट आणि बोट फिरव. घडी लागली की सांग."

जोनेलनं डोळे मिटले. तिचं बोट बोकडाच्या शिंगापासून थेट खुरांपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं. तिथं घडी नव्हतीच. घडीचा फोटो होता, छापलेला.

मग अर्डिसनं तिच्या डोळ्याला भिंग लावलं. त्या काळी शिळाप्रेसवर छापलेल्या रंगात खडूनं घासल्यासारखा दाणा दिसतो, इथं सगळीकडे एका मापाचे बारीक ठिपके होते. "नक्कल आहे," अर्डिस म्हणाली. "छान केलेली आहे, पण नक्कल. मर्ल लोकांना गंमत म्हणून लॉबीची गोष्ट सांगत असेल."

जोनेल स्टुलावर बसली. थोड्या वेळानं तिनं पर्समधून केंडलचा अहवाल काढला आणि तिसरं पान पुढे केलं. "मग हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. कार्टूनमधल्या प्राण्यांना हाताला चारच बोटं काढतात, ही त्या धंद्याची जुनी रीत, पाचवं काढायला वेळ जातो म्हणून. पण या पोस्टरच्या अगदी पहिल्या छपाईत चित्रकाराच्या हातून चूक झाली आणि बोकडाच्या डाव्या हाताला पाच बोटं पडली. पुढच्या छपाईत ती सुधारली. त्यामुळे पाच बोटांची प्रत म्हणजे पहिली, फार दुर्मीळ, जगात तीनच माहीत आहेत, ही चौथी. मी पोस्टरकडे वळून बोटं मोजली. पाच होती.

अर्डिसचा डावा हात एप्रनच्या खिशात गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, जोनेलकडेही नाही. "ते काहीतरीच लिहिलंय," ती पुटपुटली. "काच बसवून ठेवते. उद्या ये."

बस्स. भलत्या जागी एक खिळा ठोकला म्हणून अर्धा तास आख्खं दुकान डोक्यावर घेणारी बाई, आणि एका बाईचं घर जात असताना ‘काहीतरीच’ म्हणून गप्प बसली. मला त्या दिवशी तिचा संताप आला.

गुरुवारी दुकानात लाइलचा फोन आला. अर्डिसनं तो स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात सरसात होते. "तुम्ही फ्रेमा बनवता ना, बाई?" तो म्हणाला. "मग फ्रेमा बनवा. माझी बहीण आधीच दुःखात आहे, तिच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. केंडलसाहेबांना विचारलंय मी. ते म्हणाले, जुनी पोस्टर दाबून सपाट करतात, घडी हाताला लागत नाही. आणि ठिपक्यांचं काय, भिंगातून मला माझ्या शर्टावरही ठिपके दिसतात."

अर्डिसनं फोन ठेवला. कान लाल झाले होते, पण तोंड बंद.

दुपारी बसची फेरी संपवून जोनेल आली. वकीलबाईंना तिनं विचारलं होतं. चार पानी अहवालापुढे फ्रेमवाल्या बाईचा तोंडी शब्द टिकणार नाही, त्या पाच बोटांचं कुणी उत्तर दिलं तर बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. "जाऊ दे, अर्डिस," जोनेल म्हणाली. "तो शिकलेला माणूस आहे. मी सही करून टाकते. भावाशी भांडून मी कुठं जाऊ?"

ती गेली आणि माझा तोल सुटला. "तुला काहीतरी माहीत आहे!" मी ओरडले. "काल पाच बोटं म्हटल्याबरोबर हात खिशात घातलास, मी आंधळी नाही. ती पोरगी नऊ वर्षं बापाची भांडी उचलत होती आणि उद्या तिला चार खिळे आणि एक बोकड देऊन बाहेर काढणार आहेत. तू मूग गिळून बस. दारावर पाटी लावायला बरी आहेस!"

एकोणीस वर्षांत तिच्यावर मी पहिल्यांदा आवाज चढवला. ती मला काढून टाकेल असंच वाटलं. तिनं ब्रश धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग म्हणाली, "उद्या साडेदहाला गाडी काढ. आणि भिंग घे."

वकीलबाईंचं नाव ऑडेट प्रूइट. ऑफिस बँकेच्या वर, अरुंद जिना, आम्ही दोघींनी पोस्टर आडवं धरून वर नेलं. लाइल आधीच बसला होता, नवा कोट, समोर पेन उघडून ठेवलेलं. शेजारी केंडल, छातीच्या खिशात रेशमी रुमाल. जोनेल खिडकीपाशी, बसचं जाकीट घालूनच.

"या कोण?" केंडलनं विचारलं.

"यांनी काच बसवली," लाइल म्हणाला.

केंडल हसला. "काच चांगली बसवलीत हं, बाई."

अर्डिसनं पोस्टर खुर्चीवर उभं केलं. "तुमच्या तिसऱ्या पानावर पाच बोटांचं लिहिलंय. ते कुठून आणलंत?"

"संग्राहकांच्या गाईडमध्ये आहे. वीस वर्षं सगळे मानतात."

"वीस वर्षं सगळे गाढव आहेत," अर्डिस म्हणाली. "आणि मी पंचेचाळीस वर्षं." मग तिनं सगळं सांगितलं, आमच्यापैकी कुणाकडे न बघता, त्या बोकडाकडे बघत.

१९७४ साल. क्लीव्हलंडचा ब्रॅनिगन छापखाना. जुन्या सिनेमांची पोस्टर पुन्हा छापून टपालानं विकायची तेव्हा लाट आली होती. टॅटर्सची एकच अस्सल प्रत मिळाली, ती कुणाच्या तरी माळ्यावरून, आणि तिचा डाव्या हाताचा तुकडा उंदरांनी खाल्लेला. मालक ब्रॅनिगन आला आणि म्हणाला, भर ते, संध्याकाळी छपाईची प्लेट करायचीय. रीटचिंगच्या, म्हणजे चित्रं दुरुस्त करायच्या, टेबलावर तेवीस वर्षांची अर्डिस. चार बोटांची रीत तिला कुणी सांगितली नव्हती. माहेरी, कोवाचांच्या शेतावर वाढलेल्या पोरीनं कार्टून पाहिली होती ती किती, आणि बोटं मोजली होती कुणी? हात काढायचाय, मग हात कसा दिसतो? तिनं स्वतःचा डावा हात दिव्यासमोर धरला आणि बघून काढला. पाच बोटं. वर मोजा चढवला. दोन हजार प्रती निघाल्या, गेल्या, आणि मग एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं.

"ब्रॅनिगननं मशीनं बंद करायला लावली," अर्डिस म्हणाली. "चाळीस माणसांपुढं मला उभं केलं आणि माझा हात वर धरून मोजला. एक, दोन, तीन, चार, आणि हे काय? त्यानंतर पाच वर्षं रोज सकाळी मला सगळे चार बोटं दाखवून हाय करायचे. जेवताना, लिफ्टमध्ये, माझ्या लग्नात. मी हसायचे. मला त्यांची मुंडकी कटरखाली द्यावीशी वाटायची आणि मी हसायचे. तिथून निघाले तेव्हा ठरवलं, हे नाव पुन्हा काढायचं नाही. आणि आता तुम्ही म्हणताय जगात तीन आहेत. दोन हजार आहेत. उरलेली लोकांच्या गॅरेजमध्ये बघा."

केंडलचं हसू गेलं होतं, पण तो हटेना. "गोष्ट छान आहे. पण हे कुणीही सांगू शकतं. पुरावा?"

अर्डिस खुर्चीजवळ गेली आणि बोकडाच्या वर केलेल्या हाताशेजारी स्वतःचा डावा हात तसाच धरला, तळवा आमच्याकडे करून.

मोज्यातली करंगळी वरच्या पेरात बाहेरच्या बाजूला वाकडी होती. एकोणीस वर्षं काच उचलताना मी बघत आले ती करंगळी. मी स्टुब्सांच्या स्वयंपाकघरात कितीदा तरी कॉफी प्यायले होते तिच्या समोर बसून.

प्रूइटबाई उठून जवळ आल्या. मी भिंग केंडलच्या हातात कोंबलं. त्यानं पोस्टरवर बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग पुन्हा पोस्टरवर. बराच वेळ.

"मी फसवायला आलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे," अर्डिस म्हणाली. "तू चोर नाहीस. तू आळशी आहेस. चोरानं निदान फ्रेम उघडली असती."

लाइल ताडकन उठला. "हा काय पुरावा झाला? म्हातारीची करंगळी! टपालानं मागवलेली नक्कल कुणी इतकी जपली असती? नळकांड्यातून आलं तेव्हा हे इतकं गुंडाळत होतं की बाबांनी चार दिवस विटा ठेवून..."

तो थांबला.

टपालाचा विषय अर्डिसनं काढला होता. नळकांड्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि विटांचं तर नाहीच. लॉबीतून आणलेलं पोस्टर नळकांड्यातून येत नाही. प्रूइटबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. केंडलनं खुर्ची लाइलपासून जरा लांब घेतली.

"मी तीन वर्षांची असेन तेव्हा," जोनेल म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "मला आठवत नाही. तू दहाचा होतास. तुला आठवतं."

"जोनेल, ऐक, तसं नाही..."

"विटा कुणी आणल्या? तूच आणल्या असशील."

रागानं माझे कान तापले होते. नऊ वर्षं हिनं बापाला धरून संडासात नेलं आणि हा त्याच स्वयंपाकघरात उभा राहून हिला म्हणाला, मौल्यवान वस्तू तू घे. त्यावर ही रडली होती, आभारानं. मी त्याला काय म्हणणार होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण जोनेल उठली होती.

तिनं पोस्टर खुर्चीवरून उचललं आणि लाइलच्या पुढ्यात, त्या उघड्या पेनावर, आडवं ठेवलं.

"हे तू घे."

"काय?"

"चार पानं लिहून आणलीस ना, घराच्या तोडीस तोड आहे म्हणून? अगदी सारखं आहे म्हणून? मग सारखंच आहे. तू हे घे, मी घर घेते. प्रूइटबाई, कागद तोच राहू द्या, फक्त नावं बदला."

खाली बँकेत कुणीतरी नाणी मोजायच्या यंत्रात टाकत होतं, तो आवाज येत होता.

"घे की," अर्डिस म्हणाली. "काय झालं? पाच बोटं आहेत त्याला. फार दुर्मीळ आहे."

लाइलनं पोस्टरला हात लावला नाही. त्याच्याखालचं पेनही काढून घेतलं नाही. कोटाची बटणं लावली, जिना उतरला, आणि केंडल त्याच्या मागोमाग, लांब अंतर ठेवून. त्या दिवशी सही झाली नाही. झाली ती मे महिन्यात, दुसऱ्या कागदावर. जोनेल अजून त्याच घरात राहते, लाइलचा हिस्सा बसच्या पगारातून भागवते, आणि तो थँक्सगिव्हिंगला येत नाही.

पण त्या सकाळी, ते दोघं गेल्यावर, प्रूइटबाई म्हणाल्या की अहवालाला उत्तर म्हणून त्यांना अर्डिसचं मत लेखी हवं. अर्डिसनं पर्समधून दुकानाचा छापील फॉर्म काढला आणि टेबलावर वाकून लिहू लागली, उजव्या हातानं, डावा हात कागदावर सपाट ठेवून. मी खांद्यावरून वाचलं.

वस्तू: सिनेमाचं पोस्टर, नक्कल, छपाई १९७४. फ्रेम उघडून पाहिली: होय. किंमत: काच आणि लाकूड मिळून साठ डॉलर.

‘चित्रकार’ या रकान्यापाशी ती थांबली. पेन दोनदा टेकवलं, उचललं. मग लिहिलं: बोकड, अज्ञात. डावा हात, अर्डिस कोलार.